सगळ्या चौकोनांत खूण करू नका

होय, नोकरीची शेवटची वर्षं मी लोकांना फोनवर "कॅश पुसा" असं सांगण्यात घालवली, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या विषयावर माझी जेवढी चेष्टा व्हायची तेवढी घरात, सोसायटीत आणि लग्नकार्यांत होऊन गेलेली आहे. आमचा फ्रिज बिघडला तर जावई विचारतो, "आई, कॅश पुसून बघितली का?" नणंदेच्या यजमानांना कॅश म्हणजे रोकड हा विनोद सुचला, तेव्हा आपल्यालाच तो जगात पहिल्यांदा सुचला असं त्यांना वाटलं. वाचकांनी कृपा करून तो पुन्हा करू नये.

एका दूरशिक्षण संस्थेत मी नोकरीला होते. नाव सांगत नाही. तिथून निवृत्त झाले आहे, पण तिथल्या चांगल्या माणसांशी अजून माझं येणंजाणं आहे. सुरुवातीला मी वितरण विभागात होते. पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे, सुतळीला गाठी मारायच्या, पत्ते चिकटवायचे आणि नाशिक रोड स्टेशनावरून रेल्वे पार्सलने पाठवायचे. मग पुस्तकं फोनवर गेली, धडे फोनवर गेले, परीक्षासुद्धा फोनवर आली, आणि आम्हा गठ्ठेवाल्यांचं काय करायचं हा प्रश्न वरच्यांना पडला. ज्यांचं तोंड चालतं त्यांना मदत कक्षात पाठवा, असं ठरलं. माझं नाव यादीत सगळ्यात वर होतं म्हणतात.

मदत कक्ष म्हणजे तळमजल्यावरची, जिन्याखालची खोली. कानाला लावायची यंत्रं, समोर पडदे आणि दिवसभर फोन. "ताई, धडा उघडत नाही." "ताई, बटणच नाही." "ताई, मॅडमचं तोंड हलतंय पण आवाज नाही." वरच्या मजल्यावरचे लोक आमच्याकडे बघायचे ते ऑफिसातल्या पाण्याच्या पिंपाकडे बघावं तसे. आहे ना, मग झालं.

आता हा उद्योग काय आहे ते सांगते. फोनमधल्या ज्या अ‍ॅपमधून तुम्ही इंटरनेटवरची पानं उघडता, तो ब्राउझर. तो फार काटकसरी असतो. एखादं पान एकदा आणलं की त्यातली चित्रं, रंग, बटणांची मांडणी तो स्वतःजवळ ठेवून घेतो. पुढच्या वेळी तेच पान उघडलं की अर्धं सामान घरातलंच काढतो. पान झटकन उघडतं, नेटही कमी लागतं. ही साठवण म्हणजे कॅश. घोळ होतो तो संस्था आपलं पान बदलते तेव्हा. मजकूर नवा येतो आणि मांडणी जुनीच राहते. शेजारीण घर बदलून गेली तरी आपण सवयीने त्याच दाराची बेल वाजवतो, तसं. मग बटण पडद्याच्या कडेबाहेर जातं, अक्षरावर अक्षर चढतं, व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो, नाहीतर सगळं पानच पांढरं राहतं. ज्या बायकांचा अभ्यास लग्नात सुटला होता आणि ज्यांनी मोठ्या हिमतीने पुन्हा नाव घातलं होतं, त्यांना हमखास वाटायचं की आपलंच काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसायचं. साठवण पुसली की ब्राउझर निमूटपणे नवं सामान आणायचा आणि पान लख्ख दिसायचं.

पण पुसायला गेलं की फोन विचारतो, काय काय पुसू? समोर चौकोन येतात. एकात तुम्ही पाहिलेल्या पानांचा इतिहास. एकात कुकीज आणि साइटचा डेटा. एकात ही चित्रांची आणि फाइलींची साठवण. आम्हाला खूण हवी असायची ती या शेवटच्या चौकोनात, फक्त तिथेच. साइटच्या डेटाला हात लावला तर लॉगिन जातं, आणि तुम्ही काही लिहून ठेवलं असेल, जे अजून संस्थेपर्यंत पोचलेलं नाही, तेही जातं. कायमचं. म्हणून माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "सगळ्या चौकोनांत खूण करू नका. शेवटचा एकच." मी ते झोपेतसुद्धा म्हणते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

माणसं मात्र एकेक भेटली. देवळ्याची एक सून होती, शिवणकामाचा अभ्यासक्रम करणारी. "ताई, काहीच दिसस नही. नुसतं पांढरं शे." मागून सासूचा आवाज, "बंद कर तो फोन, भाकर जळी राहिनी." मी तिला एकेक बटण सांगत गेले, ती दाबत गेली, आणि पान उघडलं. उघडल्याबरोबर फोन सासूच्या हातात. "माले बी दाखाड," असं ऐकू आलं, आणि मग बराच वेळ दोघींनाही मी फोनवर आहे याचा विसर पडला. पुढचा फोन थेट सासूबाईंचा, पुढचा धडा कधी येणार म्हणून. "पुढला धडा कवय येई?" भाकरीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

नाशिक रोडचे एक आजोबा होते, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. मोडी लिपी शिकायला त्यांनी नाव घातलं होतं. सगळं समजलं, चौकोनही बरोबर निवडला, पण बोट पुढे जाईना. "मॅडम, आमच्याकडे खराब झालेला कागदसुद्धा एकट्याने नष्ट करत नसत. साक्षीदार लागायचा. मी एकटा कसं पुसू?" मी म्हटलं, घरात कोण आहे? त्यांनी स्वयंपाकघरातून आजींना बोलावलं, चष्मा लावायला सांगितला, त्यांच्या देखत बटण दाबलं आणि मला तसं कळवलं. आमच्या खोलीत सगळे खो खो हसले. मी हसले नाही. पुसण्याआधी थांबणारा माणूस मला आवडतो.

विंचूरचे एक कांदा व्यापारी व्यवस्थापनाची पदविका करत होते आणि फोन नेमका लिलाव चालू असताना करायचे. एका कानाला मी, दुसऱ्या कानाला बाजार. "तुमची साइट एकदम भिकार आहे. थांबा ताई, वक्कल लागलंय." वक्कल म्हणजे लिलावाला आलेला कांद्याचा ढीग. मग भाव पुकारणाऱ्यांचा आरडाओरडा, मग पुन्हा माझ्यावर. मी एकदा सुनावलं, "साइट भिकार असेल, पण तुमचा लिलाव संपेपर्यंत मी इथे ताटकळणार नाही. एकतर कांदा घ्या नाहीतर पदविका." ते हसले आणि कोपऱ्यात जाऊन नीट बोलले. वरच्या मजल्यावर मात्र माझी तक्रार गेली, की विद्यार्थ्यांशी उद्धट बोलते. मी म्हटलं, पुन्हा तसंच बोलेन.

आता मुख्य गोष्ट.

एका वर्षी दिवाळीनंतर संस्थेने शिकण्याच्या पानाचं रूपडं बदललं. नवे रंग, नवी बटणं, वर फिरणारी चित्रं. ज्या दिवशी बदललं, त्या दिवशी आमच्या खोलीत फोनची रांग संपेना. निम्म्या जिल्ह्याला बटण दिसत नव्हतं. आमचे विभागप्रमुख खैरनार साहेब माणूस वाईट नव्हते, पण न मिटलेल्या तक्रारींचा आकडा दिसला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी वर बसून एक संदेश तयार करवला आणि सगळ्या विद्यार्थ्यांना एकदम पाठवला. पान नीट दिसत नसल्यास ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सर्व चौकोनांत खूण करा आणि सर्व माहिती पुसा. संगणक विभागातला पराग म्हणाला होता की सर्व नको, शेवटचाच चौकोन म्हणा. त्यावर उत्तर मिळालं की एवढं बारीक लोकांना कळत नाही, सोपं ठेवा. मला तर कोणी विचारलंच नाही. संदेश गेल्यावर मला तो माझ्याच फोनवर दिसला, आणि मी कानावरचं यंत्र टेबलावर आपटलं.

लोकांना कळत नाही! हे वाक्य मी नोकरीत जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा माझं डोकं फिरलं आहे.

त्यानंतर काही दिवसांनी सुरगाण्याच्या बाजूने एक फोन आला. आवाज वाऱ्यात तुटत होता. "ताई, मी कौसल्या. बालशिक्षणाच्या कोर्सची. तुमचा मेसेज आलाय, सगळं पुसा म्हनून. पुसू का?"

कौसल्या तिच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस होती. पदविका झाली तर सेविका व्हायला अर्ज करता येणार होता, आणि त्या पाड्याची सेविका पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. ही संधी गेली तर पुन्हा कधी, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. तिच्याबरोबर पाड्यावरच्या आणखी तिघींनी हाच अभ्यासक्रम घेतला होता.

मी सवयीने म्हणणार होते, सगळं नको, शेवटचा चौकोन. पण तिने पुढचं वाक्य टाकलं. "बाकीच्या तिघींचं रामदासनं पुसलं. त्यांचं लिवलेलं समदं गेलं."

मी म्हटलं, थांब. पहिल्यापासून सांग.

त्यांच्या पाड्यावर रेंज नाही. रेंज आहे ती वरच्या टेकाडावर, एका ठरलेल्या दगडापाशी. म्हणून तिकडे एक रीत पडली आहे. जो गुरं घेऊन वर जातो, तो सगळ्यांचे फोन पिशवीत घालून नेतो. वर फोन चालू करून दगडावर मांडतो, संदेश येतात, धडे उतरतात, लिहिलेलं काही पाठवायचं असेल तर जातं, आणि संध्याकाळी गुरांबरोबर फोन खाली येतात. आमच्या पानातही तशी सोय होती. रेंज नसताना लिहिलेली उत्तरं फोनमध्येच साठायची, रेंजमध्ये पाठवायचं बटण दाबलं की संस्थेकडे जायची. या चौघींनी त्या सत्राचा स्वाध्याय, म्हणजे घरी लिहायची उत्तरं, अशीच चुलीजवळ बसून लिहून ठेवली होती.

हे फोन नेण्याचं काम त्या दिवसांत कौसल्याचा दीर रामदास करत होता. मोठा भला माणूस, चार अक्षरं शिकलेला, आणि लोकांच्या उपयोगी पडायची हौस. टेकाडावर प्रत्येक फोनवर आमचा संदेश वाजला. तोच संदेश, संस्थेच्या नावाने. रामदासला वाटलं, बायका बिचाऱ्या रोज वर येऊ शकत नाहीत, आपण त्यांचं काम करून टाकावं. त्याने दगडावर मांडलेले फोन एकेक करून घेतले, संदेशात सांगितलं होतं तसं सगळ्या चौकोनांत खूण केली आणि सगळं पुसलं. एवढ्या मन लावून आमचा संदेश जिल्ह्यात दुसऱ्या कोणी पाळला नसेल. कौसल्याचा फोन तेवढा उघडला नाही, कारण तिने त्याला बोटाने ओढायचं कुलूप लावलं होतं. तिचा मुलगा खेळ खेळून बॅटरी संपवायचा म्हणून.

"ताई, माझं लिवलेलं हाय अजून. पन पाठवायचं बटनच दिसत नाय. मेसेजमधी म्हनलंय पुसल्यावर दिसंल. मंग पुसू का?"

"कौसल्या, कशालाही हात लावू नकोस," मी म्हटलं. "माझं बोलणं संपलं की फोनवर विमानाचं चित्र आहे ना, ते दाब, म्हणजे फोनला नेट मिळणार नाही आणि काही बदलणार नाही. आणि फोन घेऊन इथे ये."

आयुष्यभर पुसा पुसा म्हणणारी बाई त्या दिवशी फोनवर पुसू नको म्हणून ओरडत होती. खोलीतल्या बाकीच्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

ती आली ती थेट स्वाध्याय घेण्याच्या शेवटच्या दिवशी, कारण त्याआधी अंगणवाडी सोडता येत नव्हती. सकाळची एसटी, मग शहरातून रिक्षा. बरोबर रामदास. दोघं दारात उभे, आत येईनात. तिने फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून पदरात धरला होता. रामदासचा चेहरा पडलेला. बसायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, मेसेज तुमचाच व्हता ना? मंग मी काय चुकलो?"

मी म्हटलं, "तू काही चुकला नाहीस. आम्ही चुकलो." हे वाक्य संस्थेच्या वतीने बोलायचा मला अधिकार नव्हता. पण बोलले.

परागला खाली बोलावलं. त्याने फोन बघितला. जुन्या मांडणीचं पान, आणि त्यात कौसल्याची सगळी उत्तरं, शेवटच्या ओळीपर्यंत. बटण खरोखरच कडेबाहेर गेलं होतं. पराग म्हणाला, "शैलाताई, काही गेलेलं नाही. मी इथून ढकलू शकतो. आत्ता जमा होईल." मला इतकं हायसं वाटलं की मी चहा मागवला. तेवढ्यात खैरनार साहेब खाली आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

"छान," ते म्हणाले. "हिचं जमा करून घ्या आणि विषय संपवा."

"आणि बाकीच्या तिघी?" मी विचारलं.

"त्यांचं काही लिहिलेलंच नाही आपल्याकडे. लिहिलं होतं याला पुरावा काय? त्यांनी पुढच्या वर्षी बसावं. फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नये, हे नियमात आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कौसल्याने परागच्या हातून स्वतःचा फोन काढून घेतला. घेतला म्हणजे अगदी हळू, ताटलीतून काही उचलावं तसा. आणि पदरात ठेवला.

"मंग नको जमा करू," ती म्हणाली.

साहेबांना कळेना. "अहो बाई, आज शेवटचा दिवस आहे. संध्याकाळी बंद होईल. तुमचंही वर्ष जाईल."

"जाऊं दे. माझं जमा झालं का तुम्ही म्हनाल, बघा, हिचं तर झालं. मंग त्या तिघी खोट्या ठरत्याल. आमी चौघीनी एकाच दिव्याशी बसून लिवलंय. माझ्या फोनमधी हाय, तसंच त्यांच्या फोनमधी व्हतं. पुसा म्हनून तुमीच सांगितलं. समद्यांना मुदत द्या, मंग दाबते."

रामदास जमिनीकडे बघत होता. पराग दुसरीकडे. आणि मी, खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. या मुलीच्या हातात सगळं होतं. पदविका, सेविकेची जागा, पाड्यातलं मानाचं काम. एक बटण दाबलं असतं तर सगळं तिचं होतं. आणि ती पदर आवळून बसली होती.

साहेब म्हणाले, "शैलाताई, तुम्ही समजवा यांना."

मी म्हटलं, "समजवते." आणि जिना चढायला लागले.

संचालक मॅडमची बैठक चालू होती. दाराशी शिपाई म्हणाला, आत जाऊ नका. मी गेले. आत चांगले सुटाबुटातले पाहुणे बसले होते, आणि भिंतीवर नेमकं त्या नव्या पानाचं चित्र झळकत होतं, फिरणाऱ्या चित्रांसकट. मी माझं नाव सांगितलं, जिन्याखालची मदत कक्षातली, असं सांगितलं, आणि म्हटलं, "मॅडम, आपल्या संदेशाने विद्यार्थ्यांची उत्तरं पुसली आहेत. त्यातली एक बाई तिचं न पुसलेलं घेऊन खाली बसली आहे. तुम्ही येऊन बघा, नाहीतर मी तिला इथे वर आणते." पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. खैरनार साहेब माझ्या मागोमाग धापा टाकत दारात येऊन पोचले होते.

मॅडम खाली आल्या, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी कौसल्याला काही उपदेश केला नाही. फोन मागितला. कौसल्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा दिला. मॅडमनी उभ्या उभ्या तिचं एक उत्तर वाचलं. मुलाला मोजायला कसं शिकवावं, यावर तिने मोहाच्या फुलांचं लिहिलं होतं, पोरं वेचताना कशी मोजतात ते. मॅडमनी परागला विचारलं, संदेशाप्रमाणे केलं तर हे गेलं असतं का? पराग म्हणाला, हो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. संदेश ज्यांना गेला त्या सगळ्यांना पुन्हा लिहायला मुदत द्यायची, आणि तसा दुसरा संदेश आजच पाठवायचा, असं त्यांनी तिथेच सांगितलं. त्यात आपली चूक आहे हेही लिहायचं. मग कौसल्याने फोन परागकडे दिला आणि म्हणाली, "आता दाबा."

तिचं जमा झालं. चहा तोवर गार झाला होता. तिने तो तसाच पिऊन टाकला आणि परतीची एसटी पकडायला निघून गेली.

मला नंतर वरून ऐकवण्यात आलं. पाहुण्यांसमोर संस्थेची लाज काढली, शिस्त नाही, निवृत्तीच्या वयात शहाणपण यायला हवं. मी ऐकून घेतलं आणि माझ्या खुर्चीत येऊन बसले. जिन्याखालच्या माणसाला यापेक्षा खाली कुठे पाठवणार?

पण सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुदत मिळाली, म्हणजे गेलेलं परत आलं असं नाही. तिघींपैकी दोघींनी पुन्हा लिहिलं, पहिल्यापेक्षा तुटक, असं कौसल्याच म्हणाली. तिसरी सुमन. ती तोवर पाडा सोडून गेली होती. त्या बाजूची बरीच घरं हंगामात द्राक्षबागांत कामाला येतात, तसं तिचं घर दिंडोरीकडे एका बागेत आलं होतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी पडद्यावर तिच्या उत्तरांची जागा अजून रिकामीच दिसत होती. मी स्वतःच फोन लावला.

बागेत रेंज चांगली होती. मागे बायकांचं बोलणं, कात्रीचा आवाज. घडांची विरळणी चालली होती, म्हणजे दाट घडातले मणी कापून काढायचे, उरलेले मोठे होतात. मी म्हटलं, "सुमन, उद्या शेवट आहे. लिहिलंस का?"

"नाय ताई." ती म्हणाली. "दिवसभर हात वर करून कापायचं. राती बोटं मिटत नाय. फोनवर कसं लिवू? आन् तेव्हा जे सुचलं ते आता सुचंल का? लय बेस लिवलं व्हतं मी. कोनी वाचलं बी नाय."

कोणी वाचलंसुद्धा नाही. मला ते फार लागलं. सेटिंग, चौकोन, बटण या माझ्या ओळखीच्या कुठल्याही गोष्टीने ते दुरुस्त होणार नव्हतं. मदत कक्षाने विद्यार्थ्याच्या उत्तरात एक अक्षरही टाकायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. नियम बरोबरच आहे, नाहीतर लोक काय काय लिहून मागतील. मी सुमनचं पान माझ्या पडद्यावर उघडलं. तिला तिचा पासवर्ड विचारला, तिने सांगितला. मग मी म्हटलं, "तू कापत राहा. फोन स्पीकरवर टाकून कमरेला खोच आणि बोल. पहिला प्रश्न, तुमच्या भागात लहान मुलं कोणते खेळ खेळतात? तू जसं बोलशील तसंच टिपते. माझं एक अक्षर घालणार नाही."

मग कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि त्याबरोबर ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग सुरळीत. बांधावर पोरं चिंचोके कसे उडवतात, हरलेल्याने पाणी कसं आणायचं, लहान भावंडाला कडेवर घेऊन खेळणाऱ्या पोरींसाठी वेगळा नियम कसा असतो. मी तिच्याच भाषेत, तिच्याच शब्दांत टाइप करत गेले. बागेतल्या बाकीच्या बायका मधेच काही सांगत होत्या, ती म्हणत होती, "गप गं, मी सांगते."

कधीतरी खैरनार साहेब मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"शैलाताई," ते हळूच म्हणाले, "हे नियमात बसत नाही."

"नाही बसत, साहेब," मी म्हटलं, मान न वळवता. "हं, सुमन. पुढे?"